हातभर अंतरावरचा फोकस

हेअर ड्रायरची गरम हवा मी कॅमेऱ्याच्या नाकावर सोडली होती, आणि परबकाका असे बघत होते की मी त्यांच्या नातवालाच भाजायला घेतलंय.

"गो बाय, जळतला ता."

"नाही जळत. आतला डिंक सैल करतेय."

"डिंक? कॅमेऱ्यात डिंक?"

हो, डिंकच. गाडीच्या काचेला आतून चिकटवतात तो छोटा डॅशकॅम, त्याच्या लेन्सला फोकसची रिंग नसते. बाटलीच्या झाकणासारखे आटे असतात. कंपनीत लेन्स एकदा फिरवून फोकस लावतात आणि आट्यांवर डिंकाचा ठिपका टाकून देतात. स्वस्तातल्या कॅमेऱ्यात तो ठिपका कधी घाईत पडतो, कधी गाडीच्या उन्हात सुटतो. मग चित्र पुसट होतं आणि ते कुणाला कळतही नाही. कॅमेऱ्याचा स्क्रीन दोन बोटांचा असतो. त्यावर सगळंच छान दिसतं.

परबकाकांना ते सोमवारी कळलं. काळाचौकीहून लोअर परळच्या एका शाळेत ते मुलांची व्हॅन चालवतात. बारा वर्षं. सोमवारी सकाळी शाळेच्या अलीकडच्या एकेरी वाहतुकीच्या गल्लीत समोरून टिपर आला. टॉवरच्या साइटवरून माती नेतात, ते टिपर. काकांनी करकचून ब्रेक मारला. दुसरीतल्या एका मुलीचा ओठ पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटून फुटला. दोन टाके पडले. आईवडिलांनी तक्रार केली, की ड्रायव्हर बेफाम चालवतो. शाळेत वाहतुकीचं बघणाऱ्या डिमेलो मॅडम, त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, शुक्रवारपर्यंत काय ते दाखवा. नाहीतर व्हॅन बंद.

काकांनी मेमरी कार्ड दाखवलं. त्यात ठळक असं काहीच नव्हतं. एक तपकिरी डाग मोठा मोठा होत येतो आणि चित्र हिसका खातं, एवढंच. साइटवाल्यांना विचारलं तर म्हणाले, आमचा टिपर त्या गल्लीत जातच नाही. नंबर आहे का?

नंबर नव्हता.

मंगळवारी काका माझ्याकडे आले. परळला एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मी कॅमेरे बसवते. दुकान जिग्नेशभाईंचं. त्यांचं मत सोपं होतं.

"प्राजक्ता, नवीन लावून दे ना. हे उघडलं की वॉरंटी खलास."

"वॉरंटी आधीच खलास आहे. आणि झालेलं शूटिंग नवीन कॅमेऱ्याने साफ होणार नाही."

"मग याने होणार?"

"याने पण नाही. पण टिपर रोज येतो. उद्याही येईल."

हे मी काकांनाही तीनदा सांगितलं. जे पुसट रेकॉर्ड झालं ते गेलं. फोकस पुढच्या दिवसासाठी लावायचा असतो. गिऱ्हाइकांना हे पटत नाही. कारण टीव्हीवरच्या मालिकांत पोलीस एक बटण दाबतात आणि धुकं निघून जातं.

मला टिपरांचा आधीपासून राग होता. आमच्या चाळीतली आणि आसपासची मुलं त्याच गल्लीने चालत शाळेत जातात. आमच्या रहिवासी समितीने त्यावर पत्रकं काढली होती. लिहिली मी, वाटलीही मी. म्हणजे हे काम माझ्यासाठी नुसतं दुकानातलं नव्हतं. काकांची व्हॅन वाचवायची होती आणि त्या टिपरला धरायचंही होतं.

तर डिंक सैल झाला. चिमट्याच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावून मी लेन्स धरली. समोर टेबलावर एका खोक्याला टेकवून आमचंच पत्रक उभं केलं. बारीक अक्षरं होती, फोकस बघायला बरी. कॅमेरा लॅपटॉपला जोडला आणि लेन्स केसभर केसभर फिरवत गेले. घड्याळातला मिनिटकाटा एक घर सरकतो ना, तेवढाही फरक इथे खूप असतो. अक्षरं उमटली. शेवटच्या ओळीतला छापखान्याचा पत्तासुद्धा वाचता आला. दारात एक टेम्पो लागलेला होता, त्यामुळे बाहेर रस्त्यावर टेस्ट करता आली नाही. मी रागात होते आणि घाईत होते. डिंक टाकला, काकांना कॅमेरा दिला.

बुधवारी सकाळी दहाला काका कार्ड घेऊन आले. मी लावलं.

वायपरच्या रबराला गेलेली चीर दिसत होती. डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या सोंडेवरचं गंध दिसत होतं. आणि त्याच्या पलीकडे मुंबई नव्हतीच. टिपर आला आणि गेला, सोमवारपेक्षाही पुसट.

"गणपती मात्र झ्याक दिसता," काका म्हणाले.

जिग्नेशभाई हसले. मी नाही हसले.

चूक मला लगेच कळली, आणि ती माझ्या तोंडावर मारण्यासारखी होती. मी फोकस हातभर अंतरावर लावला होता. पत्रक वाचतो, त्या अंतरावर. गेली काही वर्षं मी जे काही महत्त्वाचं बघितलं ते तेवढ्याच अंतरावर धरून बघितलं होतं. मजकूर, प्रूफ, फोन. हात आपोआप तिथे गेला. टिपर काही कुणी हातात धरून वाचत नाही.

आणि ही चूक मी करायला नको होती. कारण मला शिकवणाऱ्या माणसाने पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, की लेन्सला आधी लांबचं दाखव.

तो माणूस म्हणजे बनसोडे सर. गिरगावात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं कॅमेरा रिपेअरिंगचं वर्कशॉप होतं. कॉलेज सोडून मी तिथे चार वर्षं काढली. लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. आत स्पिरिटचा वास. भिंतीवर पितळी रिंगा खिळ्यांना अडकवलेल्या, लग्नातल्या बांगड्यांसारख्या. रोल भरायचे कॅमेरे यायचे तेव्हा. लग्नाचे फोटो काढणारे, पासपोर्ट फोटोवाले, एखाद्या आजोबांचा साठ वर्षं जपलेला. सर मागचं झाकण उघडून रोलच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा लावायचे. त्यावर खिडकीबाहेरचं जग उलटं उमटायचं. ट्रॅम कधीच गेलेली होती, पण त्या कागदावर उलटा रस्ता बघताना वाटायचं की आता ती पण येईल.

खिडकीतून लांबवर, रस्ता ओलांडून चार इमारतींपलीकडच्या गच्चीवर, एक टीव्हीचा अँटेना होता. लेन्सवर आडवा आठ कोरलेला असतो. त्याचा अर्थ, इथून पुढे कितीही लांब. सर म्हणायचे, आडवा आठ अँटेनावर जुळव. अँटेनाच्या काड्या मोजता आल्या की लेन्स पास. चार वर्षं माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक लेन्सने तो अँटेना बघितला. मग समोर टॉवर उभा राहिला. काम चालू असताना सर रोज म्हणायचे, अजून दिसतोय. एके दिवशी नाही म्हणाले. पुढच्या वर्षी वर्कशॉपच बंद झालं. रोलही संपले होते, सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदूही उतरला होता. पण मला अजून वाटतं की वर्कशॉप त्या दिवशी बंद झालं ज्या दिवशी खिडकीतला अँटेना गेला.

बुधवारी दुपारी मी त्यांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"दुकानात लांब काय दिसतं?"

"समोरचं दुकान. टेम्पो नसला तर."

"मग माझ्या चाळीत ये. आणि त्या ड्रायव्हरला आण."

सर लोअर परळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचे वडील मिलमध्ये होते, तेव्हापासूनची खोली. गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा दरवाजांची, सरळसोट. तेवढी मोकळी लांबी आता आमच्या भागात फक्त चाळीच्या गॅलरीत मिळते. बाकी ठिकाणी दहा पावलांवर कुणीतरी भिंत घातलेली असते.

"जय भीम सर."

"जय भीम. डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्यामुळे आज डोळे तुझे, हात पण तुझे. माझं फक्त तोंड."

"ते पुरे होतं नेहमी."

"बघा परब, चार वर्षं हे असं ऐकलंय मी."

बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं. त्यावर मार्करने गाडीच्या नंबर प्लेटएवढ्या आकड्यांत एक नंबर लिहिला. काकांना सरांनी गॅलरीच्या त्या टोकाला उभं केलं, झाकण छातीशी धरून. मध्ये वाळत घातलेल्या चादरी होत्या.

"मंदावहिनी, चादर जरा आत घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

"शूटिंग आहे काय भाऊ?"

"हो."

वहिनींनी काकांकडे बघितलं. नंबर धरून भिंतीला टेकून उभे, चेहरा पडलेला.

"पोलीस चौकीचं शूटिंग दिसतंय. काय केलंत हो काका?"

"ब्रेक मारलंय," काका म्हणाले.

मी कॅमेरा स्टुलावर ठेवला, ड्रायर लावला, डिंक सैल केला. या वेळी लेन्स आत घ्यायची होती. लांबचं बघायचं तर लेन्स आत जाते, जवळचं बघायचं तर बाहेर येते. लॅपटॉपवर आकडे हळूहळू जुळायला लागले.

"आलं सर. साफ आहे."

"थांबू नकोस. पुढे जा. बिघडू दे."

"साफ झालंय ना पण."

"साफ झालंय असं तुला वाटतंय. बिघडल्याशिवाय कळत नाही किती साफ होतं. पुढे जा, पुसट झालं की खूण कर. मग मागे ये, परत पुसट झालं की दुसरी खूण. त्या दोघांच्या मधोमध ठेव."

हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. पितळी रिंगेवर पेन्सिलीने दोन बारीक खुणा आणि मध्ये तिसरी. त्या तिसऱ्या खुणेसाठी ते सगळा दिवस घालवायचे, आणि गिऱ्हाईक खाली जिन्यात ओरडत असायचं की लग्न आज आहे. मी खुणा केल्या. मधोमध आणलं. तिथे आकडे खरंच जास्त कडक दिसले.

"आता उन्हात ठेव."

"डिंक?"

"आधी ऊन. गाडीत काचेला चिकटून सकाळभर तापणार आहे तो. प्लास्टिक फुगतं. पितळ असं करत नाही. पितळाला स्वतःचा मान असतो."

कठड्यावर पत्र्याच्या डब्यावर कॅमेरा अर्धा तास तापवला. तेवढ्यात वहिनींनी चहा आणला, आणि सर आणि काका मिलच्या भोंग्यांवर बोलत बसले. काकांचे वडील शेजारच्याच मिलमध्ये होते. कोणता भोंगा जाड आणि कोणता किनरा, यावर दोघांचं एकमत होईना. मी भोंगा कधी ऐकला नाही. तरी मला तो चहा अजून आठवतो.

तापलेल्या कॅमेऱ्यात आकडे किंचित हलले होते. केसभर दुरुस्त केले. मग डिंकाऐवजी वहिनींच्या मुलीचं नेलपॉलिश. कॅमेरा रिपेअरिंगमध्ये स्क्रू हलू नये म्हणून जुने लोक तेच वापरायचे. घट्ट धरतं आणि पुन्हा काढायचं म्हटलं तर निघतं. वाइन कलरचा एक ठिपका.

गुरुवारी सकाळी काका आले ते जवळजवळ धावतच. कार्ड लावलं. तिघं लॅपटॉपवर वाकलो. गल्ली आली. झाडाचं पान न् पान वेगळं. टिपर आला. जिग्नेशभाईंनी नंबर मोठ्याने वाचला, सगळाच्या सगळा.

काका खुर्चीत बसले. "देवा म्हाराजा," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले.

मी चित्र तिथेच थांबवलं आणि नव्या पत्रकाचा मथळा मनात लिहायला लागले. उलट्या दिशेने येऊन शाळेच्या व्हॅनला धडकू पाहणारा टिपर, नंबरसकट. मग माझी नजर चित्राच्या डाव्या कडेला गेली.

गल्लीच्या तोंडाशी एक खांब. सोमवारच्या शूटिंगमध्ये तिथे पांढरा ठिपका होता, बस. आता तिथे आमचा फ्लेक्स होता. 'हा रस्ता आमच्या मुलांचा आहे', खाली समितीचं नाव. आणि फ्लेक्सच्या एका बाजूने लाल रंगाची गोल कड बाहेर आली होती. मध्ये पांढऱ्या पट्टीचं टोक.

प्रवेश बंद.

मी चित्र मोठं केलं. लहान केलं. पुन्हा मोठं केलं. प्रवेश बंदच होतं. पाटीचं तोंड काकांच्या व्हॅनकडे होतं.

दुकानातून उठून मी सरळ त्या गल्लीत गेले. पाटीचा रंग अजून नवा होता. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत लावली, दिशा फिरवली गल्लीची. टॉवरच्या गाड्या बाहेर पडायला सोपं जावं म्हणून. इथे कोण विचारतं? मला कुणी विचारलं नव्हतं, त्याला नाही, शाळेला नाही. त्याबद्दल माझा राग आजही शाबूत आहे. पण सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी स्टुलावर चढून तो फ्लेक्स मी बांधला होता. माझ्या हातांनी. लोखंडी गोल पाटी होती, दोरी अडकवायला सोयीची. तिच्यावर काय आहे ते मी बघितलं नाही. मी मजकूर सरळ आलाय का ते बघत होते. आणि काका सुट्टीत मालवणला होते. परत आले तेव्हा पाटी माझ्या फ्लेक्सखाली झाकलेली.

म्हणजे टिपर बरोबर दिशेने येत होता. उलटी व्हॅन होती.

दुकानात परतले तेव्हा जिग्नेशभाईंना मी सांगितलं. त्यांनी दोन सेकंद विचार केला.

"कट करून दे ना. टिपर आला, नंबर दिसला, बस. खांब कशाला दाखवायचा?"

कट करता आलं असतं. सहा सेकंदांचा तुकडा, त्यात खांब नव्हता. शुक्रवारी मॅडमना तोच दाखवला असता तर काकांची व्हॅन त्या दिवशी वाचली असती. पुढे कधीतरी कुणीतरी पाटी बघितली असती, आणि मग काका खोटारडेही ठरले असते. आणि टिपरवाल्याला मी त्याने न केलेल्या गोष्टीसाठी धरलं असतं. तो वेगात होता, हे खरं. पण मी त्याला वेगासाठी धरत नव्हते.

मी काकांना खांब दाखवला. त्यांना कळायला वेळ लागला.

"म्हणजे मीच उलटो गेलंय?"

"तुम्हाला पाटी दिसत नव्हती."

"बारा वर्षां त्याच गल्लीतसून जातंय मी."

"मी झाकली ती."

काकांनी स्क्रीनवरच्या फ्लेक्सवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुमचे कागद, गो बाय. तुमच्या कागदांनी माझा पोट मारल्यान." आणि उठून बाहेर जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी आम्ही दोघं शाळेत गेलो. मी पूर्ण शूटिंग लावलं. खांबापाशी थांबवलं आणि डिमेलो मॅडमना सहीचा कागद दिला. त्यात चारच ओळी होत्या. फ्लेक्स मी बांधला, अमुक दिवशी, पाटी त्याखाली झाकली गेली, व्हॅनच्या ड्रायव्हरला ती दिसणं शक्य नव्हतं. त्या कागदावर मी एकही विशेषण वापरलं नाही. मला ते लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मॅडमनी वाचलं.

"तुम्हीच ना, गेल्या आठवड्यात गेटवर पत्रकं वाटत होता? रस्ता मुलांचा म्हणून?"

"हो मॅडम."

"आणि पाटी तुम्ही झाकली."

"हो."

"परब, तुम्ही याआधी मला का नाही सांगितलं, की दिशा बदललीय?"

"माका म्हायत असता तर गेलो असतो कशाक, मॅडम?"

त्या पहिल्यांदा हसल्यासारख्या झाल्या. मग सांगितलं. व्हॅन चालू राहील. उद्यापासून मोठ्या रस्त्याने, दहा मिनिटं आधी निघायचं. मुलीच्या घरी काकांनी स्वतः जायचं. आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही पण जायचं."

आम्ही गेलो. मुलीच्या आईने काकांना आत बोलावलं, पाणी दिलं. मला दारातच उभं ठेवलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर फक्त एवढं विचारलं, "तुमच्याकडे शिडी आहे का? मग तो फ्लेक्स अजून तिथे का आहे?"

त्याच संध्याकाळी काढला. समितीत मला ऐकून घ्यावं लागलं, की आपलंच नाव लेखी कशाला द्यायचं. गल्लीची दिशा न विचारता फिरवल्याची आणि टिपरच्या वेगाची तक्रार आम्ही नंबरसकट वेगळी केली. तिचं अजून उत्तर आलेलं नाही. काका आता दुकानात येतात ते जिग्नेशभाईंकडे, चहाला. माझ्याशी बोलतात, पण कॅमेरा साफ करायचा असेल तर स्वतः करतात.

सरांना मी सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, फोकस बरोबर लागला होता ना? मी म्हटलं, हो सर. मग ठीक आहे, म्हणाले.

आता नवा कॅमेरा बसवला की मी गाडी रस्त्यावर काढायला लावते आणि चित्र चारही कोपऱ्यांपासून वाचत येते. नंबर प्लेट सगळ्यात शेवटी. आणि फ्लेक्स बांधायला गेले, तर आधी खांबाच्या पलीकडे जाऊन उभी राहते आणि आपण काय झाकणार आहोत ते बघते. यात पाच मिनिटं जातात.